वर एक, मधात एक, बुडी एक

माझ्या सासूबाईंकडे एखादी वस्तू सांभाळायला दिली, की ती परत मागताना जीव घाबरतो. खराब झाली असेल म्हणून नाही. ती इतकी बंदोबस्तात ठेवलेली असते, की मोकळी करता करता आपला अर्धा दिवस जातो. लोणच्याच्या बरणीचं तोंड त्या असं बांधतात, की गाठ सोडायला दात लावावे लागतात. ज्वारीच्या कोठीबद्दल तर विचारूच नका. आमच्या आसेगावाकडे आता जिकडेतिकडे सोयाबीन आणि तूर, ज्वारी कोणी फारशी पेरत नाही. सासूबाई मात्र हट्टाने खाण्यापुरती एक पट्टी पेरायला लावतात आणि वर्षभर अशी सांभाळतात, की दाण्याला भोक पाडायची किड्याची बिशाद नाही.

नवरा पुण्याकडच्या एका कंपनीत कामाला लागला, तेव्हा त्याने आपली लाल मोटारसायकल या बाईच्या हवाली केली. "आई, गाडीकडे लक्ष ठेवजो," एवढंच म्हणाला आणि बसमध्ये चढला. सासूबाईंनी त्याच दिवशी गाडी कुटाराच्या खोलीत नेली. सोयाबीन काढून झाल्यावर जो भुसा उरतो, ढोरांना घालतात, ते आमचं कुटार. त्या खोलीत एका कोपऱ्यात जागा झाडून, खाली लाकडाचे ओंडके लावून, त्यांनी गाडीची चाकं जमिनीपासून वर उचलली. वरून पोती घातली आणि ती दाभण-सुतळीने शिवून टाकली. दर पौर्णिमेला विहारातून आल्या, की पोत्याची एक बाजू उसवायच्या, चाकांच्या तारांना करडीच्या तेलाचं बोट फिरवायच्या आणि पुन्हा शिवायच्या. त्यांना मी कधी या कामाचा कंटाळा करताना पाहिलं नाही. लोक देवाचं करतात त्याहून जास्त त्यांनी त्या गाडीचं केलं.

अशी काही वर्षं गेली. मग यंदा होळी झाली आणि माझी मानोऱ्याच्या बाजूला बदली झाली. मी आरोग्यसेविका आहे. इतके दिवस काम गावाशेजारीच होतं, पायी जायचं नि पायी यायचं. आता आला तांड्यांचा भाग. ऊसतोडीला गेलेली माणसं या दिवसांत परत येतात, त्यांच्या लेकरांच्या सुया राहिलेल्या असतात. माणसं मजुरीला निघून गेल्यावर आपण तांड्यावर पोचलो, तर कुलपांना सुई द्यायची का? सकाळीच पोचायला हवं. आमच्या सकाळच्या बसचं म्हणाल, तर ती आली तर आली.

म्हणजे वाटा दोनच होत्या. गाडी चालू करायची आणि रोज जाऊन-येऊन करायचं. नाहीतर मानोऱ्यात खोली करायची, आणि सासूबाई घरात एकट्या. त्यांचे गुडघे दुखतात, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि भांडायला कोणी नसेल तर त्यांना जेवण जात नाही. हे शेवटचं मी चेष्टेने लिहीत नाही.

"आई, तुमीही चला मानोऱ्याले," मी म्हणाले.

"मी कायले येऊ? हे घर कोन पाहीन? उंदीर?"

"मग एकट्या कशा राहसान?"

"मी काय कुकुलं लेकरू हाय? जाय तू. खोली पाय."

विषय संपला. सासूबाईंचा विषय असाच संपतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पाहते, तर त्या हातात दाभण घेऊन कुटाराच्या खोलीत बसलेल्या, आणि पोत्याची शिवण उसवणं चालू.

गाडी बाहेर काढली तेव्हा मी खरोखर बघत राहिले. गावात बाहेर कामाला गेलेल्या माणसांच्या गाड्या मी पाहिल्या आहेत: टायर बसलेले, वायरी उंदरांनी कुरतडलेल्या, सीटच्या फोममध्ये पिल्लं. आमच्या गाडीला गंजाचा ठिपका नव्हता. टाकीत तोंड दिसत होतं. टाकीच्या झाकणावर एक पुरचुंडी घट्ट बांधलेली होती आणि सायलेन्सरच्या तोंडात दुसरी कोंबलेली होती. दोन्हींत वाळलेला कडुनिंबाचा पाला. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि वर तीच ती गाठ.

"हे कायले?" मी विचारलं.

"कीड लागू नाही म्हनून."

"गाडीले कीड लागते?"

"लागली काय?" त्या म्हणाल्या.

दोन्ही पुरचुंड्या काढल्या. गाडी मला चालवता येते, माहेरी भावाच्या गाडीवर शिकले आहे, गुडघे फोडून घेतले आहेत. पण बंद पडलेली गाडी चालू करणं हे वेगळंच काम. मी किका मारल्या. घाम निघाला, गाडी हूं की चूं करेना. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. त्याला तिकडे बसून सगळं दिसतं. "टाकीतलं पेट्रोल सडलं असन, काढून टाक," तो म्हणाला. नळी काढून ते कॅनमध्ये सोडलं, तर त्याला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास. नवं पेट्रोल आणलं. प्लग काढून पॉलिश पेपरने घासला. पुन्हा किका. आणि एकदम फट् फट् करत गाडी जागी झाली.

"बोलली व, बोलली!" सासूबाई टाळ्या पिटत म्हणाल्या. त्यांना टाळ्या पिटताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आनंद शेताकडच्या पांदणीपर्यंतच टिकला. उभी असली की गाडी गुरगुरायची, रेस दिली की ठसका लागल्यासारखी करायची, मागून काळा धूर, आणि चढ आला की बंद. चोक ओढला तर आणखीच वाईट. मी ढकलत परत आणली. नवऱ्याने कार्बोरेटरचं निदान केलं. मग ओसरीवर गोणपाट अंथरून मी कार्बोरेटरची खालची वाटी उघडली. तळाशी पिवळा चिकट थर बसला होता. तो पुसला, जेटमध्ये फुंकर मारली, फोनमधल्या माणसाच्या शिव्या आणि सूचना दोन्ही ऐकल्या. सासूबाई शेजारी ताट घेऊन बसल्या होत्या. मी काढीन तो स्क्रू त्या ताटात ठेवायच्या, ज्या क्रमाने काढला त्या क्रमाने, आणि परत बसवताना उलट्या क्रमाने हातात द्यायच्या. एक वायसरसुद्धा हरवला नाही. त्या कामात मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं, की मी त्यांना तसं तोंडावर सांगितलं. "स्क्रू पाय," त्या म्हणाल्या.

कार्बोरेटर स्वच्छ झाला, पण ठसका काही गेला नाही. नुकताच घासलेला प्लग काढला तर पुन्हा काजळीने काळा.

शनिवारी आसेगावचा मेकॅनिक आपल्या गाडीवर रस्त्याने चालला होता. अंगात नवा शर्ट, मागे बायको, लग्नाला निघालेला. मी त्याला अडवलं. त्याने गाडीवरून न उतरता आवाज ऐकला, धूर पाहिला, माझ्या हातातला प्लग पाहिला.

"रिंगा गेल्या वहिनी. इंजिन खोला लागन. पुढच्या आठवड्यात आना."

तो गेल्यावर सासूबाई भडकल्या. "रिंगा गेल्या म्हनते! गेल्या कुठी? माह्या घरातून सुई गेली नाही आजवर, आन रिंगा कशा गेल्या?"

मी त्यांना समजावून सांगायला गेले, की इंजिनातल्या रिंगा गेल्या म्हणजे झिजल्या. त्यांनी ऐकून घेतलं नाही. त्यांच्या ताब्यातली वस्तू गेली, असं कोणी रस्त्यावरचा माणूस बोलला होता, आणि तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. त्या रात्री जेवल्या कमी.

सोमवारी मला हजर व्हायचं होतं. आता खोलीशिवाय इलाज नव्हता. मानोऱ्यातल्या एका मैत्रिणीला फोन करून मी एक खोली बघायला सांगितली. हे ऐकून सासूबाई उठल्या आणि माझ्यासाठी सामानाची चुंगडी, म्हणजे पोतं, भरायला बसल्या. मला हात लावू देईनात. "तुले नाही जमत, तू भांडे आपटते." चुंगडी भरून तिचंही तोंड त्यांनी दाभणाने शिवून टाकलं. मग ओसरीवर बसून दगडाने सुपारी फोडत राहिल्या.

"अडकित्ता कुठी आहे?" मी विचारलं.

"असन कुठीतरी. सापडून नाही राह्यला."

या घरात वस्तू सापडत नाही हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं. एकट्या माणसाला दुपारी चक्कर आली तर, रात्री मोरीत पाय घसरला तर, असलंच सगळं मनात.

रविवारी मी ज्वारी काढायला कोठी उघडली. खोलीवर न्यायला पीठ दळून आणायचं होतं. वरच कडुनिंबाची पुरचुंडी हाताला लागली. ती बाजूला ठेवली, पायलीने दाणे काढू लागले, तर थोड्या वेळाने आणखी एक लागली.

"आई, दोन दोन कायले घालता हो?"

"दोन कुठी? तीन असतात. वर एक, मधात एक, बुडी एक. कीड काय एकीकडूनच येते?"

पायलीसकट ज्वारीत कोपरापर्यंत गेलेला हात तसाच ठेवून मी उभी राहिले.

"आई, गाडीले किती लावल्या होत्या?"

"तीन. गाडी काय दाण्याहून कमी हाय?"

टाकीवर एक, सायलेन्सरात एक. वर झालं, बूड झालं.

"मधातली कुठी आहे?"

सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, अंगणात गाडीपाशी गेल्या आणि सीटखाली बाजूच्या झाकणावर बोट ठेवलं. "याच्या आत वरतं एक भोक होतं. उंदीर जाऊन राह्यला होता. म्या कोंबली."

मी झाकण काढलं, पान्याने सीट सोडली. गाडी जिथून हवा ओढते त्या नळीच्या तोंडात, अगदी आतवर, चिंधीची घट्ट पुरचुंडी बसली होती. बाहेरून फक्त गाठीची शेंडी दिसत होती. बिचारी गाडी दोन दिवस तोंड बांधून धावत होती, पोटात नुसतं पेट्रोल जात होतं, आणि आम्ही सगळे तिच्या पोटाला दोष देत होतो. पुरचुंडी निघता निघेना. सासूबाई पुढे झाल्या, दोन बोटं घालून त्यांनी ती वळवत वळवत बाहेर काढली. वाळका पाला माझ्या पायांवर सांडला.

किक मारली, रेस दिली. ठसका नाही. पहिल्यांदा धूर काळा, मग करडा, मग दिसेनासा. पांदण ओलांडून, चढ चढून, मी सरळ डांबरी रस्त्याला लागले आणि उगाचच धनजच्या फाट्यापर्यंत जावंसं वाटलं. इतकी दूर काही गेले नाही, पण वाटलं. परत आले तेव्हा सासूबाई रस्त्यावर उभ्या होत्या.

मला वाटलं, आता म्हणतील, माझंच चुकलं. पण माझी सासू आहे ती.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "रिंगा हाएत."

मी हसता हसता गाडीवरून पडायची राहिले. नवऱ्याला फोन केला, तो हसला. पण एक गोष्ट मी त्याला बजावून सांगितली, आणि इथेही सांगते. त्या बाईने गाडीला कीड, उंदीर, गंज यातलं काही शिवू दिलं नव्हतं. जास्तीचं म्हणाल तर तिने एका ठिकाणी हवासुद्धा शिवू दिली नाही, एवढंच.

सोमवारी मी गाडीवर मानोऱ्याला गेले, दोन तांडे केले, माणसं घरात असताना पोचले आणि उन्हं उतरायच्या आत घरी आले. मैत्रिणीला खोली नको म्हणून कळवलं. मग दोन दिवसांच्या खिचडीनंतर भाकरीसाठी तवा शोधायला लागले, तर तवा चुंगडीत. दाभणाची शिवण उसवली. वर तवा आणि पोळपाट. त्याखाली, मधात, कडुनिंबाची पुरचुंडी. त्याखाली ताटं. एक काढलं, तर खाली दुसरं. पेलेही दोन. बुडाशी सासूबाईंची स्वतःची वाकळ घडी करून ठेवलेली, आणि वाकळीच्या घडीत अडकित्ता.

त्या चुलीपाशी भाकर थापत होत्या. माझ्याकडे पाहिलं, पुन्हा परातीत पाहिलं.

"तुमी तर घर सोडत नव्हत्या," मी म्हणाले.

"घर कुठी सोडत होती? तुले सोडत नव्हती." आणि लगेच, "तवा दे इकडे. भाकर वाळून राह्यली."

मी तवा दिला. दोन्ही ताटं विसळून आणली आणि चुलीपाशी मांडली. अडकित्ता त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.