लांबी जुळली, दम नव्हता

बापू गेला त्याला महिना झाला. (नावं बदलली आहेत, त्याची बायको, आमच्या वहिनी, हयात आहेत.) निरोप आला तेव्हा मी मांडवीला बंदरावर होतो. तसाच धावलो, खांदा दिला, पोटभर रडलो. आज ते रडणं परत घ्यावंसं वाटतंय...

मोटारीची विद्या मला त्यानेच दिली. आंबा घाटातून कोल्हापूरला जाणाऱ्या आमच्या दोन गाड्या होत्या, एक त्याची, एक माझी. इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्या की गाडी चढावर मान टाकते. मी थकलेल्या काढून त्याच्याकडे न्यायचो, तो बदली आठ निवडून फूटपट्टीला लावून दाखवायचा. "लांबी जुळली ना, यशवंता? मग डोकं नको खाऊ." मी कशाला खातोय, गुरूच तो.

तरी माझी गाडी घाटात फटफट करत थांबायची आणि उतारू उतरून त्याच्या गाडीत बसायचे. "मेल्या, तुझा हातच जड," तो सगळ्यांदेखत म्हणायचा. मी ते खरं मानलं. शेवटी गाडी मोडीत काढली, बंदरावर मुकादम झालो. मुलाला ड्रायव्हर व्हायचं होतं, त्यालाही दटावलं. म्हटलं, आपल्या घराण्याच्या हातात ते नाही. तो मुंबईला गिरणीत गेला.

पंधरा दिवसांमागे वहिनींनी हत्यारं आवरायला बोलावलं. फळीवर वजनकाटा होता. स्प्रिंग त्यावर उभी करून दाबायची, किती वजन पेलते ते बघायचं, ही खरी पारख. दमलेली स्प्रिंग ओढून ताणली की लांबी भरते, दम भरत नाही. हे मला त्याने कधी सांगितलं नाही. शेजारी दोन जुड्या होत्या, त्याच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट. एकीवर, "माझ्या गाडीला. दम चांगला." दुसरी माझी गाडी गेल्यामुळे द्यायची राहिलेली... "यशवंताला. ताणून लांबी केली."

"बघा भावोजी, तुमच्या नावाने जपून ठेवलंन," वहिनी म्हणाल्या. त्या माउलीला वाचता येत नाही. मी हो म्हटलं आणि चिठ्ठी खिशात घातली. इतका संताप मला आयुष्यात आला नव्हता, आणि भांडायला समोर माणूस नाही.

मुलाला सगळं कळवलं. लिहिलं, दोष आपल्या हातांचा नव्हता रे, नोकरी सोड, गाडी शीक. काल त्याचं उत्तर आलं.

"बाबा, उजव्या हाताची दोन बोटं गेल्या वर्षी मागात गेली. तुम्हाला कळवलं नव्हतं."