भट्टीसाठी काढलेले केस

त्रिपुरसुंदरीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. गजर लागत नाही. उठते, आंघोळ करते, कुंकू लावते आणि तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. कंत्राटदाराची व्हॅन येते. व्हॅनमध्ये ती बसल्या बसल्या झोपते. शोळिंगनल्लूरचा सिग्नल आला की कोणी न उठवता जागी होते आणि डोक्याला टोपी बांधायला घेते. तिथून सिरुसेरी जवळ.

सिरुसेरीला एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचं कॅन्टीन आहे. तिथलं सांबार आणि रसम सुंदरी करते. लोक म्हणतात, सांबार म्हणजे काय, डाळ शिजवायची आणि चिंच घालायची. घरी चौघांपुरतं करायचं तर तेवढंच आहे. इथलं पातेलं दोन माणसांनी धरल्याशिवाय भट्टीवरून उतरत नाही. फडकी कोरडी घ्यायची, ओल्या फडक्यातून वाफ हाताला लागते. गुडघे वाकवायचे, पाठ नाही. दोघींनी एकदम श्वास घ्यायचा आणि पातेलं खाली टेकेपर्यंत बोलायचं नाही. मी तिच्या खालच्या मजल्यावर राहतो, आणि पूर्वी बंदरात पोती वाहिली आहेत. नियम तेच. फक्त पोतं निसटलं तर कोणी भाजत नाही.

ती एकदम भट्टीवर आली नाही. आधी भांडी घासली. मग भाजी चिरली. मग भाताच्या बाजूला उभी राहिली. भात करणारी बाई गावी गेली, सांबार करणारा माणूस दुसरीकडे गेला, तेव्हा कुठे तिला भट्टी मिळाली. पगार त्यामुळे वाढला, पण तिला पगाराइतकंच त्या जागेचं अप्रूप होतं. भट्टीवरच्या बाईला कोणी 'जरा हे उचल' म्हणत नाही.

भट्टी मिळाली आणि महिन्याची पाळी पुढे-मागे होऊ लागली. हे तिनंच सांगितलं. असलं काही सांगताना ती आवाज कमी करत नाही. अंगातून मध्येच वाफ उठायची, मानेपासून वर. कॅन्टीनमध्ये सगळ्यांनाच घाम येतो, म्हणून तिथं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग केस गळू लागले. तिची वेणी आधी मनगटाएवढी होती. ती अंगठ्याएवढी झाली, नंतर करंगळीएवढी. शुक्रवारी देवळात जाताना मोगऱ्याचा गजरा माळला तर तो घसरून पाठीवर यायचा. मागच्या बाया उचलून हातात द्यायच्या. एकदा एकीनं तो सरळ देवीला वाहिला. सुंदरी म्हणाली, तिथं निदान टिकेल.

उपाय सगळ्यांकडे होते. तिनं ते सगळे केले, कारण उपाय सांगणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी केलात का म्हणून विचारतात. सांबाराच्या छोट्या कांद्याचा रस लावला. त्यानं वादिराज, म्हणजे तिचा नवरा, आठवडाभर गच्चीवर झोपला. जास्वंदीचा पाला वाटून लावला. माक्याचं तेल लावलं. उशीचा अभ्रा हिरवा झाला, केस गळायचे तसे गळत राहिले. शेवटी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी रक्त तपासलं. म्हणाल्या, लोह कमी आहे, बाकी वयाचं आहे. गोळ्या दिल्या.

"केस परत येतील?" सुंदरीनं विचारलं.

"थोडे येतील. पूर्वीसारखे नाही. वेळ लागेल."

हे उत्तर तिला आवडलं. इतक्या दिवसांत तिच्याशी कोणी असं सरळ बोललं नव्हतं.

पण तेवढा वेळ मिळाला नाही. एका दुपारी सांबारात केस सापडला. खाणाऱ्यानं तो काढून बाजूला ठेवला नाही, फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. फोटोत केस मुरडलेला होता आणि बाजूला शेवग्याची शेंग होती.

कॅन्टीनचा सुपरवायझर शार्दूल. साताऱ्याकडचा पोरगा, हॉटेलचं शिक्षण घेतलेला. अख्ख्या कॅन्टीनमध्ये मराठी बोलणारी माणसं दोनच, तो आणि सुंदरी. त्याचं मराठी तिला रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटतं. तिचं तंजावरी मराठी त्याला पणजीसारखं वाटतं. तो तिला काकू म्हणतो.

त्यानं सगळ्या बायांना उभं केलं. सगळ्यांनी सुंदरीकडे पाहिलं. केस गळतात हे तिनंच सगळ्यांना सांगितलं होतं. उपाय त्यांच्याचकडून घेतले होते.

"काकू, मी नाव घेत नाही," शार्दूल म्हणाला.

"घे की. सगळ्या बघतायत इकडंच."

"ऑफिसनं सांगितलंय, आणखी एक केस सापडला तर सांबाराचं माणूस बदलायचं."

"अस्की बायकांचे केस गळतात."

'अस्की' म्हणजे सगळ्या, हे त्याला एव्हाना कळायला लागलं होतं. "गळत असतील," तो म्हणाला. "पण सांबार तुमचं आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. सुंदरीनं एकाऐवजी दोन टोप्या घालायला सुरुवात केली, आणि खाली घट्ट रुमाल. वर टोप्या, समोर भट्टी, आतून वाफ. एका सकाळी ती डाव हातात धरून तशीच उभी राहिली आणि डाळ खाली लागली. बाजूला भाताला असलेल्या धनलक्ष्मीनं तिला दारात नेऊन बसवलं आणि रुमाल सोडला. रुमालात केस होते.

"अक्का, हे रोज मोजत बसणार का?" धनलक्ष्मी म्हणाली. ती तमिळ, तोंडानं फटकळ. "मोट्टै घाला आणि मोकळ्या व्हा."

मोट्टै म्हणजे डोकं पूर्ण काढून देवाला केस देणं. तमिळ घरांत बाप्ये देतात, बाया देतात, पोरं देतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. आमच्या तंजावरी मराठी घरांत सवाष्णीनं डोकं काढायचं नसतं. फार तर टोकाचे तीन बोटं केस कापून द्यायचे. पूर्ण डोकं फक्त विधवेचं काढत, तेही जुन्या काळी. सुंदरीला हे माहीत होतं. तिनं दोन दिवस विचार केला. तीन बोटं दिले तर सांबाराचा प्रश्न सुटत नव्हता.

रविवारी ती धनलक्ष्मीबरोबर तिरुत्तणीच्या देवळात गेली. न्हाव्यानं डोक्यावर पाणी ओतलं, वेणी हातात घेतली आणि विचारलं, "एवढेच?"

"एवढेच," सुंदरी म्हणाली.

"मग लवकर होईल."

लवकर झालं. त्यानं डोक्याला चंदन फासलं. वारा लागला तेव्हा तिला किती तरी महिन्यांनी गार वाटलं. देवासमोर उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की नवस केलेलाच नाही. केस देऊन काही न मागणं उद्धटपणाचं दिसलं असतं. तिनं भट्टी मागितली.

घरी वादिराजनं दार उघडलं, पाहिलं आणि बाजूला झाला. "जेवलीस का?" म्हणाला. एवढंच.

संध्याकाळी त्याच्या थोरल्या बहिणीचा, अन्नपूर्णाबाईंचा, फोन आला. त्या मैलापूरला राहतात, पण बातमी त्यांच्याकडे आमच्या आधी पोचते. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच बसलो होतो.

"सुंदरी, वादिराज कुठाय?"

"इथंच आहेत, वन्सं."

"जिवंत?"

"मी बोलतोय, अक्का," वादिराज म्हणाला. "इडली खातोय."

"भाऊ असताना बायकोनं डोकं काढायचं हे आपल्या घरात कधी जालं नाही. लोक काय समजतील?"

"लोकांना मी दिसतो की. दिवसभर जिन्यातच बसलेला असतो."

अन्नपूर्णाबाईंनी फोन ठेवला.

सोमवारी कॅन्टीनमध्ये सगळ्या तमिळ बाया तिच्याभोवती जमल्या. कुठलं देऊळ, कशासाठी, फळ मिळालं का, असं विचारू लागल्या. एकीनं डोक्यावरून हात फिरवून तो स्वतःच्या डोळ्यांना लावला. भांडी घासणाऱ्या बाईनं मुलीच्या लग्नासाठी काही सांगता का म्हणून विचारलं. सुंदरी म्हणाली, मला अजून माझंच काही कळलेलं नाही.

शार्दूल आला, पाहिलं आणि परत गेला. थोड्या वेळानं पुन्हा आला. आवाज एकदम हळू.

"काकू, तुम्ही आजपासून भाजीला बसा. खुर्ची ठेवलीय."

"का?"

"बसा तुम्ही. सांबार धनलक्ष्मी बघेल."

ती बसली. भांडणं करून भट्टी मिळत नाही, हे तिला माहीत होतं. पण समजेना. केस सापडला नव्हता, आता सापडू शकतही नव्हता. तरी खुर्ची. शिवाय शहाळं. रोज दहा वाजता शार्दूल शहाळं आणून तिच्या बाजूला ठेवायचा आणि तोंड फिरवून निघून जायचा. गुरुवारी त्यानं डाळिंबं आणली. चिरायला आणलीत असं समजून तिनं ती सोलून कोशिंबिरीच्या परातीत टाकली.

धनलक्ष्मीचं सांबार वाईट नव्हतं. पण पातेलं उतरवताना ती बोलायची. त्या आठवड्यात दोनदा सांडलं, एकदा जोडीदारणीच्या पायावर.

शुक्रवारी सुंदरी शार्दूलच्या केबिनमध्ये गेली. हातात शेवग्याची शेंग तशीच होती.

"शार्दूल, मला भट्टीवरून का काढलास?"

"काढलं नाही काकू. विश्रांती दिली."

"कोणी मागितली?"

"मागावी लागते का? दिसतंय ना." तो टेबलाकडे बघून बोलत होता. "माझ्या मावशीचंही असंच झालं होतं."

"तिच्याही सांबारात केस सापडला?"

"नाही हो. केस गेले तिचे."

"गेले का काढले?"

"औषधानं गेले. त्या औषधानं जातातच."

"कुठलं औषध? मी राहावेत म्हणून गोळ्या खातेय."

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला, "काकू, तुम्हाला कॅन्सर आहे हे मला सांगायचं तरी."

"कोणी सांगितलं मला आहे म्हणून?"

"मग डोकं?"

"तिरुत्तणीला दिलं."

"कशासाठी?"

"आणखी केस सापडला तर माणूस बदलणार, तू म्हणालास. आता माझा सापडणार नाही."

शार्दूल बराच वेळ तिच्या डोक्याकडे पाहत राहिला. आठवडाभरात त्यानं तिकडं पहिल्यांदाच नीट पाहिलं. "आमच्याकडे बायका असं डोकं काढत नाहीत," तो म्हणाला.

"आमच्यातही नाही. नणंद बोलणं टाकून बसलीय."

"मी ऑफिसला कळवलं, तुम्ही आजारी आहात म्हणून. आता ते डॉक्टरची चिठ्ठी मागतील."

"आणते."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कुठला आजार नाही असं लिहू? सुंदरी म्हणाली, सगळेच लिहा. त्यांनी लिहिलं की बाई भट्टीजवळ उभं राहून काम करायला योग्य आहेत.

चिठ्ठी शार्दूलनं घेतली, पण त्याचा चेहरा पटल्यासारखा दिसला नाही. सोमवारी त्यानं तिला भट्टीवर जायला सांगितलं आणि स्वतः बघायला तिथं येऊन उभा राहिला. सुंदरीनं चिंच कालवली, डाळ घोटली, फोडणी दिली. मग कोरडी फडकी घेतली. समोरून धनलक्ष्मीनं धरलं. धनलक्ष्मी काही तरी बोलणार होती, सुंदरीनं नुसतं तिच्याकडे पाहिलं. दोघींनी गुडघे वाकवले, श्वास घेतला. पातेलं उचललं, वळवलं, ट्रॉलीवर टेकवलं. एक थेंब बाहेर आला नाही. सुंदरीच्या कपाळाला घाम होता आणि तो सरळ खाली ओघळत होता, मध्ये अडवायला काही नव्हतं. तिनं पदरानं डोकं पुसलं, ताट पुसावं तसं.

"बरं," शार्दूल म्हणाला. दुसऱ्या दिवशी खुर्ची तिथून उचलली गेली. शहाळंही आलं नाही. त्याचं तिला थोडं वाईट वाटलं.

महिन्याभरानं पुन्हा केस सापडला, या वेळी लिंबूभातात. पुन्हा फोटो, पुन्हा सगळ्यांना उभं केलं. सवयीनं सगळ्यांनी आधी सुंदरीकडे पाहिलं. मग एकेक जण दुसरीकडे बघायला लागली. केस कोणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. शार्दूलनं हुकूम काढला की सगळ्यांनी दोन टोप्या घालायच्या. स्वतःही घातल्या. सुंदरीला एक पुरेल, म्हणाला.

तिचे केस आता येतायत. पांढरे, बारीक, काही ठिकाणी नाहीतच. गोळ्या चालू आहेत. वाढवायचे का, हे तिनं ठरवलेलं नाही. महिन्यातून एकदा ती गल्लीतल्या न्हाव्याला घरी बोलावते. अन्नपूर्णाबाई नवरात्रात आल्या. कुंकू लावलं, फूल हातात धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी ते तिच्या कानामागे खोचलं. राहिलं.

भट्टीच्या पगारातून ती दर महिन्याला थोडं बाजूला टाकत होती. आम्हाला वाटलं, सोनं घेईल. वादिराजला वाटलं, त्याच्या गुडघ्याचं काही तरी होईल. गुडघ्याचं डॉक्टरांनी अजून काही करायचं नाही म्हणून सांगितलंय. चैत्रात एक टेंपो आला आणि दोन माणसांनी खोकं जिन्यानं वर नेलं. पाठ वाकवून नेलं, मी खालून दोनदा सांगितलं तरी. तिच्या झोपायच्या खोलीत एसी बसला. ती तो अठरावर ठेवते. वादिराज शाल घेऊन, कान बांधून झोपतो. ती भिंतीकडे तोंड करून झोपते, डोकं उघडं टाकून, थेट वाऱ्यात.