नाव माझं, फोटो मालकांचा

बायांनो, आज डोकं लई फिरलंय. नगरपालिकेत जुन्या नगरसेवकांचे फोटो लावलेत म्हणून नातीला घेऊन हौसेनं गेले. मी बी एकदा निवडून आले होते ना! बघते तर खाली नाव माझं, आन् वर फोटो आमच्या मालकांचा.

तिथला साहेब म्हणतो, "आज्जी, कारभार तेच बघत असतील ना?"

म्हटलं, "बाबा, मालक घरी म्हस बघायचे. गल्लीत नळ यावा म्हणून सभेत मी भांडले!"

फोटो तिथंच उतरवून घेतला. नात हसून हसून बेजार.

आता तिथं नुसता खिळा हाय. घागरी घेऊन आमी पालिकेत घुसलो तवाचा फोटो कुणाकडं हाय का? त्यात सगळ्यात पुढं मीच हाय.