लाइनीतला आराम

लहानूभाऊ बोरकुटे वीस वर्षं ट्रक चालवतो आणि एवढ्या वर्षांत त्याने कोंबडीलाही धक्का दिलेला नाही. हे मी छातीठोक सांगते, कारण रायपूरच्या भनपुरी भागात तो ज्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कामाला होता, तिथली ड्युटीची वही मीच लिहायचे. मी पद्मजा, चौबे कॉलोनीतली. अक्षर सुंदर म्हणून नोकरी मिळाली. आग लागो त्या अक्षराला!

नव्या राजधानीच्या बांधकामाला लोखंडी सळ्या लहानूभाऊच न्यायचा. "अर्धं मंत्रालय माह्या गाडीतून गेलं, दीदी," असं सांगताना त्याची मान ताठ व्हायची.

सळ्या भरायला कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रकांची लाइन असते. बारा तास, चौदा तास. दर पंधरा मिनिटांनी ती एका गाडीएवढी सरकते. डोळा लागला की मागचे हॉर्न मारतात, शिव्या घालतात आणि नंबर जातो तो जातोच. आमचे मालक भैय्यालाल सेठ मात्र म्हणायचे, "गाडी खड़ी है ना? तो ड्राइवर आराम में है. आराम लिखो." मी लिहायचे. आजूबाजूचे सगळे तसंच लिहितात म्हणून मीही लिहायचे, आणि मला लाजही वाटायची नाही.

मार्चमध्ये लहानूभाऊ चौदा तास लाइनीत बसला, गाडी भरली आणि तसाच नव्या रायपूरला निघाला. भर दुपारी, त्या रुंद रिकाम्या रस्त्यावर त्याला झोप लागली. ट्रक दुभाजकावर चढला. दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही, पण त्याचा पाय मोडला.

आरटीओच्या चौकशीत सेठने अधिकाऱ्यापुढे माझी वही टाकली. "चौदह घंटे आराम, साहब. फिर भी सो गया, मतलब पिया होगा." ज्या माणसाने कधी बिडीसुद्धा ओढली नाही, त्याच्याबद्दल हे! लायसन्स रद्द होणार हे दिसतच होतं. त्याला दुसरं कुठलं काम येतं?

लहानूभाऊ कुबडी आपटत ओरडला, "मी झोपलो कवा? लाइन सरकून राहिली होती!"

साहेबांनी वही माझ्याकडे वळवली. "अक्षर तुमचं?"

माझे कान तापले. सेठचा राग आला, साहेबांचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"माझं. आणि खोटं आहे," मी म्हणाले. "त्या चौदा तासांत यानं पन्नासदा गाडी पुढे घेतली. तुम्ही तसं झोपून दाखवा. लिहून घ्या माझं म्हणणं, सही करते."

लायसन्स वाचलं. माझी नोकरी त्याच संध्याकाळी गेली.

परवा लहानूभाऊ घरी आला. स्वतःचे कागद आणायला तो ऑफिसात गेला होता.

"सेठनं तुमच्या जागी नवी पोट्टी ठेवली, दीदी."

"वहीत काय लिहिते ती?"

"तेच," तो म्हणाला. "अक्षर तुमच्याहून सुंदर हाये."