फटफटीची खोड

१९५६ साली भाद्रपदातल्या पोळ्याच्या दिवशी थेरगावजवळ पवना नदीत एक फटफटी बुडाली. जीवितहानी झाली नाही. फटफटी आमच्या घरची होती आणि चालक मी होतो.

त्या वेळी मी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि थेरगावात गेनूमामांकडे राहत होतो. मामा बैलांचे पारखी. चाकणच्या शनिवारच्या बाजारात त्यांनी "बरा हाय" म्हटल्याशिवाय आमच्या भागातला माणूस बैलाच्या कासऱ्याला हात लावत नसे. शिवाय मामा जनावर विकताना त्याची खोड आधी सांगत. मारका असेल तर मारका, जुवाखाली मध्येच बसणारा असेल तर बसका. "खोड लपवून इकलेलं जनावर सपनात येतं," असं ते म्हणत.

फटफटीची कल्पना माझी. मामांची बैलजोडी भाजी घेऊन खडकीला जायची आणि त्यात अख्खा दिवस मोडायचा. देहूरोडला इब्राहिमभाईंकडे लष्करी लिलावातली, बाजूला डबा जोडलेली फटफटी विकाऊ होती. मी मामांपुढे खर्चाची बाजू मांडली.

"मामा, बैल बसून असला तरी खातो. फटफटी उभी असली की काही खात नाही."

"अजाबात न्हाई?"

"थेंबसुद्धा नाही!"

"आन शेण?"

(या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती.)

"शेण न्हाई तर गवऱ्या कशाच्या थापू?" चुलीपासून मामीचा आवाज आला. "का फटफटीच्या धुरावर भाकरी भाजू तुझ्या?"

शेवटी ठरलं ते असं : फटफटी घ्यायची, पोळ्यापर्यंत वापरून पाहायची आणि पोळ्यानंतरच्या शनिवारी एकाला चाकणला न्यायचं. एक तर बैलजोडी, नाही तर फटफटी.

"माज्या बैलांना बाजार दावलास ना," मामी मला म्हणाली, "तर तुझ्या ताटात बी पेट्रोलच वाढीन!"

देहूरोडला मामांनी फटफटीभोवती दोन फेऱ्या मारल्या. टाकीवर थाप दिली. (फटफटी दचकली नाही. हा गुण धरला गेला.) मागच्या चाकाशी वाकून त्यांनी बराच वेळ काहीतरी शोधलं. काय, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

"वय काय म्हनायचं?"

"लढाई पाहिलीय तिनं," इब्राहिमभाई म्हणाले.

"उतारावर समदीच पळत्यात. चढाला दावा." ती चढली. "आन खोड?"

"खोड काही नाही. फक्त पाण्यात घालू नका."

पुढे फटफटीने गुण दाखवले आणि भूकही दाखवली. उभी असताना ती खात नसे, हे माझं विधान अचूक ठरलं. पण चालताना ती आधीचे सगळे उपास एकदम सोडायची! त्यात कधी प्लग, कधी ट्यूब, कधी साखळी. तरी भाजी खडकीला सकाळीच पोचत होती. मामांचं मन डळमळू लागलं होतं. बैलजोडी जाणार, अशी गावात बोलवा उठली आणि मामी माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलू लागली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून झाल्यावर मामा फटफटीपाशी आले. "राबती ती बी," म्हणत त्यांनी उरलेली तूप-हळद तिच्या हँडलला चोळली. तेवढीच जागा तिच्यात खांद्यासारखी दिसत होती.

सकाळी बैल नदीवर अंघोळीला निघाले. मामी एकदम गोड आवाजात म्हणाली, "हिला का बिनआंघुळीची ठेवायची?"

"काठावर तांब्यानं धुऊ," मामा म्हणाले. "पाण्यात घालू नका म्हनलाय त्यो."

"मामा, लष्कराची गाडी आहे! अशा गाड्यांनी नद्या ओलांडल्याच्या लढाईच्या बातम्या मी स्वतः छापल्या आहेत."

हे खरं होतं. त्या बातम्यांत पुलाचाही उल्लेख असे. जागेअभावी तो मी कापत असे.

मी फटफटी पाण्यात घातली. ती गुडघाभर पाण्यात गेली, मांडीभर पाण्यात गेली. तिथे दगड लागला. वळवायला गेलो तर तुपाच्या हँडलवरून दोन्ही हात सटकले. फटफटी दोनदा खोकली आणि गप्प झाली. डबा भरला. मग ती सावकाश एका अंगावर कलली आणि खाली बसली.

काठावर सगळं गाव होतं.

"आरं, बसली की पान्यात!"

"शेपूट पिरगाळा, शेपूट!"

"आवो पेपरवाले, कानात फुंका तिच्या!"

मामांनी बैल वळवले, जू चढवलं आणि दोर टाकला. जोडीने एका ओढीत फटफटी काठाला आणली. संध्याकाळी मिरवणुकीत सगळ्यात मागे, बैलांना दोराने बांधलेली फटफटी होती आणि हँडल धरून मी होतो. दारात मामीने बैलांना ओवाळलं, मग फटफटीला, मग मला.

"सकाळधरनं कायबी खाल्लं न्हाई बघ हिनं," ती म्हणाली. "तुझंच खरं निघालं!"

इब्राहिमभाईंनी सगळं खोलून वाळवलं आणि दुसऱ्या किकला फटफटी सुरू झाली. शनिवारी आम्ही चाकणला निघालो. मी चालवत नेतो म्हणालो. मामा म्हणाले, "इकायचं जनावर दमवून न्हेत न्हाईत." त्यामुळे ती बैलगाडीच्या मागे बांधून नेली.

बाजारात खेडच्या एका व्यापाऱ्याने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर थाप दिली आणि मामांना विचारलं, "खोड काय, पाव्हनं?"

खोटं बोलणं त्यांना शक्य नव्हतं.

"जनावर गुणी हाय. दचकत न्हाई, चढाला कचरत न्हाई. खोड एकच हाय."

"कंची?"

मामांनी माझ्याकडे बोट केलं. "पर ती आमी संगट देत न्हाई."

व्यापाऱ्याने मला नीट न्याहाळलं.

फटफटी तिथेच विकली गेली. मी बैलगाडीत मागे बसून घरी आलो.