आंब्याची वाफ

सिगारेट ओढणाऱ्या माणसाला आपण काय करतोय हे निदान ठाऊक असतं. इलेक्ट्रॉनिक सिगारेट घेऊन हिंडणाऱ्याला तेवढीही अक्कल नसते. हे मी अधिकाराने सांगतो, कारण गेलं दीड वर्ष मी त्यातलाच एक आहे.

म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला आमच्या ऑफिसच्या मागे सायकली लावायच्या जागेजवळ सिगारेटवाल्यांसाठी पत्र्याची एक शेड आहे. तिथे आम्ही पाच-सहा जण कुडकुडत उभे राहायचो. मग आमच्यातलाच एक पुणेकर सहकारी एका सोमवारी गळ्यात दोरीला बांधलेलं नळकांडं घालून आला, आणि त्या दिवसापासून त्याने शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. चार पावलं लांब उभा राहून तो आम्हाला प्रवचन द्यायचा. हे स्मोकिंग नाहीच म्हणे, ही नुसती वाफ. राख नाही, घाण वास नाही, मनाला टोचणी नाही. नवीन डाएट सुरू केलेला माणूस लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडे बघतो, तसा तो आमच्या बोटांकडे बघायचा. मला त्याचा मनापासून तिटकारा यायचा.

त्याच सुमारास घरी शपथेचं प्रकरण झालं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. शाळेत फुप्फुसांविषयी काहीतरी शिकवलं होतं, तर तिने काढलेलं चित्र जेवताना माझ्या पुढ्यात ठेवलं. एक फुप्फुस गुलाबी, एक काळं, आणि काळ्याखाली 'बाबा' असं लिहिलेलं. आमच्या घरात आम्ही मराठी बोलतो आणि ती जर्मनमधून उत्तरं देते. सिगारेट सोडशील ना, असं तिने विचारलं आणि पुढे म्हणाली, "फेरश्प्रोखन?" म्हणजे वचन?

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. इथल्या बापांचं तेवढ्यावर भागतं. पण मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की आम्हाला नाटक केल्याशिवाय राहवत नाही. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुझी शपथ. सिगारेटला हात लावणार नाही."

बायको ताटं उचलत होती, ती थबकली. पोरीची शपथ घ्यायची काय गरज होती, असं तिने नंतर विचारलं. मी असलं काही मानत नाही, मी म्हणालो. मग घेतलीस कशाला, ती म्हणाली. त्यावर मी वर्तमानपत्र उघडलं.

नऊ दिवस टिकलो. दहाव्या दिवशी ज्याचा तिटकारा करत होतो त्याच सहकाऱ्याच्या मागे मागे म्युनिकमधल्या एका दुकानात गेलो. तिथल्या बाईने डॉक्टरच्या गांभीर्याने विचारलं, कलिंगड, कस्टर्ड की आंबा? वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी काउंटरपाशी उभा राहून कलिंगड आणि कस्टर्ड यांत तुलना करत होतो. शेवटी आंबा घेतला. त्याला आंब्याची चव नव्हतीच. शाळेबाहेर मिळणाऱ्या पिवळ्या गोळ्या उकळल्यावर जे होईल ते होतं.

घरी जाहीर केलं, सिगारेट सुटली. मुलगी गळ्यात पडली. तिने पुण्याला आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, फोन करून सगळं सांगितलं, डोक्यावर ठेवलेल्या हातासकट. मराठी मंडळाच्या गणपतीत लोकांनी माझी पाठ थोपटली आणि मी तिथे दोघांना इच्छाशक्तीवर बौद्धिक दिलं. खिशात नळकांडं होतं. पण सिगारेटला मी खरंच हात लावला नव्हता, त्यामुळे मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं. इतका निर्लज्ज मी आधी नव्हतो.

पूर्वी दिवसातून आठ वेळा जॅकेट चढवून खाली जायचो. आता जॅकेट लागत नव्हतं. टॉयलेटमध्ये, जिन्यात, एस-बान लोकलच्या फलाटाच्या टोकाला, तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत, जिथे तिथे मी चोखत होतो. सिगारेट निदान संपायची. हे संपतच नाही. एकदा ते बाहेरच्या खोलीत मुलीच्या टॅबलेटशेजारी चार्जिंगला विसरलो. दुसऱ्या दिवसापासून ती टॅबलेट स्वतःच्या खोलीत चार्जिंगला लावू लागली. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

या उन्हाळ्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या. घरात आंबे आणलेत का, वास येतोय, असं त्यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी त्या कपड्यांची बादली घेऊन तळघरात आल्या, तर मी तिथे वाफेत उभा.

मी त्यांना सगळं शास्त्र सांगितलं. यात काही जळत नाही, धूर नाही, डांबर नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं, कपडे मशीनमध्ये टाकले आणि म्हणाल्या, "मला त्यातलं काही कळत नाही, जावईबापू. हात कुणाच्या डोक्यावर ठेवला होतात, तेवढं सांगा."

मी नळकांडं खिशात घातलं आणि जिना चढलो. पण त्याच आठवड्यात मुलीने आजीला विचारलं की शपथ मोडली तर काय होतं, आणि ज्याची शपथ घेतली त्याचं वाईट होतं, असं आजीने सांगूनही टाकलं. मी भडकलो. अहो, इथे वाढणाऱ्या मुलीच्या डोक्यात असलं काही भरवू नका, म्हणालो.

"भरवलं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मी फक्त अर्थ सांगितला."

त्या शनिवारी मुलीची पोहण्याची परीक्षा होती. बाकी सगळं तिला जमायचं, पण खोल पाण्यात बुडी मारून तळाची रिंग वर आणायची म्हटलं की ती घाबरायची, श्वास पुरत नाही म्हणायची. उघड्यावरच्या तलावाशेजारी गवतावर आम्ही चादर टाकून बसलो होतो. मुलं रांगेत उभी होती. तिचा नंबर जवळ आला तशी ती रांग सोडून ओल्या पायांनी माझ्याकडे आली. रिंगला घाबरली असेल म्हणून मी धीर द्यायला तोंड उघडलं.

"बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली, "आजी म्हणाली, मी 'सुटली' म्हटलं की शपथ संपते. शपथ सुटली. आता मला काही होणार नाही."

आवाजात राग नव्हता. एक काम उरकायचं होतं, ते उरकून ती रांगेत परत गेली. सासूबाई माझ्याकडे न बघता तिच्या टॉवेलची घडी घालत राहिल्या.

लाज वाटते, पण लिहितो. आधी मला हायसं वाटलं. मग तिथे बसवेना. मी उठलो आणि कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे गेलो. खिशातून नळकांडं काढलं. आता मला अडवणारं कुणी नव्हतं.

परत आलो तेव्हा ती टॉवेल गुंडाळून आजीला बिलगून बसली होती, हातात रिंग. कशी आणलीस, मी विचारलं आणि शेजारी टेकलो. तिने नाक आक्रसलं, आणि उठून आजीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.