घाटावरचा गड

खेळायला बसण्याआधी वेणूआत्या हातातल्या काचेच्या बांगड्या कोपराकडे सारायची. त्यांची किणकिण थांबली की आळीतली आम्ही पोरं गप्प व्हायचो. कर्जतच्या तिच्या घराच्या पडवीत, सारवलेल्या जमिनीवर, तिने गेरूने सारा मुलूख रेखला होता. खाली कोथळीगड, इर्शाळ, माणिकगड, मधे घाटाची नागमोडी रेघ, रेघेपलीकडे राजमाची. लालभडक गुंजा म्हणजे सैन्य. फोडलेले चिंचोके फेकायचे, दान पडेल तितक्या गुंजा हलवायच्या. पुढचा गड कुठला घ्यायचा, हे मात्र ज्याचे त्याने ठरवायचे.

कोथळीगड हा आत्याचा तळ. तिथून ती इर्शाळ घेई, माणिकगड घेई. राजमाचीपाशी तिचा हात अडखळे. घाट चढायचा तर तळावरच्या सगळ्या गुंजा उचलाव्या लागत.

"चढ की गं आत्या! भ्यालीस काय?" शेजारचा बाळू डिवचायचा.

"भ्याला तुजा बा! मी वर गेल्यावर तळ कोन राखंल, तू? तुला तुजी चड्डी राखता येत नाय रं."

आईवेगळ्या त्या घरात अर्धांगाने लुळे पडलेले तिचे वडील होते. त्यांना भरवणे, कूस बदलणे, सारे तिच्याच हातांनी व्हायचे.

एकदा घाटावरून तिला पाहायला एक तरुण शिक्षक आले. पोहे झाल्यावर ते पडवीत आले, नकाशा पाहून उकिडवे बसले आणि आत्यासमोर डाव मांडला. थोड्याच वेळात म्हणाले, "तळ रिकामा करा, राजमाची तुमचीच आहे."

"आन् तळ?"

"तो मी राखीन."

आतून वडिलांचा खोकला आला. दाराकडे पाहत शिक्षक हलक्या आवाजात म्हणाले, "खरंच राखीन. त्यांनाही वर नेऊ."

आत्या खळखळून हसली. "समोरचा गडी राखीन म्हनतो, त्याचं कुनी ऐकतं काय?"

आम्ही सगळे हसलो. तेही हसले, जरा उशिराने. चार दिवसांनी आत्याने नकार कळवला.

वडील पुढे बरीच वर्षे अंथरुणावर होते. ते गेले तेव्हा आत्याचे केस पिकले होते आणि घाटावर त्या शिक्षकांच्या घरात दुसरीच कुणी नांदत होती.

लग्नानंतर मी माहेरी आले की आत्याकडे जायचे. शेवटच्या भेटीत पडवीत शहाबादी फरशी होती. गेरू फरशीवर धरेना, म्हणून तिने खडूने मुलूख काढला. चिंचोके न फेकताच तिने कोथळीगडावरच्या साऱ्या गुंजा ओंजळीत घेतल्या आणि राजमाचीवर ठेवल्या.

"आत्या, तळ?"

"आता तितं कोन हाय गं राखायला?" ती म्हणाली, "तो खरं बोलत व्हता. मीच खेळत बसले."

मग कितीतरी वेळ ती राजमाचीवरच्या गुंजा बोटाने नीट लावत राहिली, उशिरा पोचलेल्या माणसाने परक्या घरी आपले सामान लावावे तशी.